कुर्ल्याचे चेसिस नंबर वाचणारे काका: जुनी इंपोर्टेड गाडी घ्यायच्या आधी साडेतीन हजार इथे घाला

आधीच सांगते, मला गाड्यांमधलं फार कळत नाही. दादरला एका सहकारी बँकेत गेली चौदा वर्षं लोनची कागदं तपासते, सातबारा, पॅन, आधार, सॅलरी स्लिप, कुठला कागद खरा आणि कुठला जुळवून आणलेला हे बघणं हेच माझं काम. गाडीवेडा आहे तो माझा धाकटा भाऊ, घरी आम्ही त्याला बंट्या म्हणतो, आणि गेल्या दिवाळीपासून त्याच्या डोक्यात एकच गाडी बसली होती, लोखंडवालातल्या एका बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये उभी असलेली निळी सुबारू फॉरेस्टर. जाहिरातीत लिहिलेलं डायरेक्ट जपान इंपोर्ट, टर्बो इंजिन, २००६ चं पासिंग, एमएच-०२, किंमत साडेनऊ लाख. निम्मे पैसे माझे जाणार होते म्हणून मी मध्ये पडले, नाहीतर तो त्याच दिवशी टोकन देऊन आला असता.

हा रिव्ह्यू ज्यांचा आहे त्यांचं दुकान नाही, बोर्ड नाही. वय साठच्या आसपास, राहायला कुर्ल्याला, वडील एलबीएस रोडवरच्या प्रीमियरच्या कारखान्यात होते जिथे पद्मिनी बनायची, स्वतः काकांनी वीसेक वर्षं विम्याच्या सर्व्हेअरच्या हाताखाली काढली आणि आता फक्त एकच काम करतात, जुन्या गाडीचा चेसिस नंबर (कंपनीने गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला), इंजिन नंबर वाचायचा आणि तो गाडीच्या बाकीच्या अंगाशी आणि कागदाशी जुळतो का ते सांगायचं. नाव-नंबर टाकू नको असं त्यांनी स्वतः सांगितलंय कारण दलाल लोक फोन करून मागे लागतात. सीएसटी रोडवरच्या कुठल्याही जुन्या स्पेअर पार्टवाल्याला चेसिसवाले काका विचारा, तो नंबर देईल.

तर झालं असं की मी सगळ्यात आधी आपल्या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला, तर मेकरच्या जागी जनरल मोटर्स इंडिया आणि मॉडेल शेवरोले फॉरेस्टर! बंट्याने विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला अहो पेपर शेवरोलेचे आहेत, गाडी आतून सगळी जपानची आहे, असंच करतात सगळे. त्याने हे इतकं सहज सांगितलं की माझ्या पोटात गोळा आला. बँकेत कोणी मला म्हणालं असतं की पॅन काकाचा आहे पण माणूस मीच, तर मी फाइल तिथेच बंद केली असती. म्हणजे कुठल्यातरी भंगारात गेलेल्या शेवरोलेची आरसी आणि तिच्यावर चढवलेली चोरवाटेने आलेली दुसरी गाडी, असंच मला वाटलं.

विकणाऱ्याने आरसी दाखवली नाही, चेसिस नंबर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवला (अ‍ॅपवर तो अर्धवट झाकलेला असतो त्यामुळे तिथून पूर्ण मिळत नाही). मग मी तो एका फुकटच्या अमेरिकन साइटवर टाकला, तर लाल अक्षरात उत्तर, चेक डिजिट चुकीचा. चेक डिजिट म्हणजे काय ते मला माहीत होतं, आपल्या आधारचा शेवटचा आकडा तसाच असतो, आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला, एक आकडा जरी चुकला तरी पकडला जातो. म्हणून मी सरळ बंट्याला सांगितलं की नंबर खोटा आहे आणि त्याने ते जाऊन विकणाऱ्याच्या तोंडावर सांगितलं, तो अर्थातच भडकला. मग अजून एका पेड साइटला पैसे भरले, तिने दहा मिनिटं चक्र फिरवून रेकॉर्ड उपलब्ध नाही असं कळवलं, पैसे परत नाहीत. या दोन्ही साइटची नावं घेत नाही पण एवढं लक्षात ठेवा की अमेरिकेतल्या विमा-अपघाताच्या रेकॉर्डवर चालणाऱ्या साइटला आपल्या अंधेरीत पासिंग झालेल्या गाडीबद्दल काय कळणार आहे, तिथे पैसे घालू नका.

काकांचा नंबर बंट्याला त्याच्या गॅरेजवाल्याने दिला. फोन लावला, स्पीकरवर ठेवला, बंट्या नंबर वाचायला लागला आणि दहाबारा अक्षरं झाल्यावर ओ म्हणाला तसे काका लगेच म्हणाले, "थांब बाळा, त्या नंबरात ओ नसतोच. आय नसतो, क्यू पण नसतो. शून्य असेल ते, विकणाऱ्याने टाइप करताना चुकवलंय." कारण सोपं आहे, ओ आणि क्यू शून्यासारखे दिसतात आणि आय एकासारखा, म्हणून ही तीन अक्षरं जगात कुठेच सतरा आकडी चेसिस नंबरमध्ये वापरत नाहीत. मी लगेच शून्य घालून परत त्या अमेरिकन साइटवर टाकला, तरी चेक डिजिट चूकच. तेव्हा काकांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. नववी जागा चेक डिजिटची असते हा नियम अमेरिका-कॅनडाकडच्या गाड्यांचा, बाकी बाजारासाठी बनलेल्या गाडीत नवव्या जागी काहीही असू शकतं, कित्येक जर्मन गाड्यांच्या नंबरात मधल्या रिकाम्या जागा भरायला झेड झेड झेड टाकलेलं असतं, तो नंबर अमेरिकन गणितात घातला की नापास होतोच, म्हणून गाडी खोटी ठरत नाही.

आणि उलट पण, हे मी घरी स्वतः करून बघितलं कारण मला राहवेना. त्या गणितात प्रत्येक जागेला वजन असतं, आठ सात सहा पाच चार तीन दोन, मग दहा, नवव्या जागेला शून्य, मग परत नऊपासून दोनपर्यंत, अक्षरांना पण आकडे दिलेले असतात, सगळ्यांचा गुणाकार करून बेरीज करायची आणि ११ ने भागायचं, बाकी उरेल ती नववी जागा आणि बाकी १० आली तर एक्स. आता सतराच्या सतरा जागी नुसता १ लिहा, बेरीज ८९ येते, ११ ने भागून बाकी १ आणि नवव्या जागी १ आहेच, नंबर पास! म्हणजे जगात नसलेली गाडी गणितात पास होते आणि लोखंडवालात समोर उभी असलेली नापास. त्या रात्री मला कळलं की हा कागदाचा प्रश्न नाही, माणसाने जाऊन लोखंड बघायला पाहिजे.

फोनवरच काकांनी अजून एक गोष्ट सांगितली जी मला सगळ्यात मोलाची वाटली. आमचा नंबर सुरू होत होता जे-एफ-१-एस-जी-५ असा. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, जे म्हणजे जपान आणि जे-एफ-१ म्हणजे सुबारू, पुढचं एस-जी-५ म्हणजे दुसऱ्या पिढीची फॉरेस्टर, दोन लिटर. बंट्या खूश झाला, म्हणाला बघ ताई, सुबारूच आहे. काका म्हणाले अरे पण नीट ऐक, जपानच्या लोकांनी जपानमध्ये वापरायला घेतलेल्या गाडीला हा सतरा आकडी नंबर नसतोच! तिथल्या लोकल गाडीवर मॉडेलचा कोड, मधे डॅश आणि पुढे सीरियल नंबर एवढंच असतं. तुझी गाडी जपानच्या रस्त्यावरून उचलून आणलेली असती तर तिच्यावर एसजी५, डॅश आणि पुढे आकडे असते. सतरा आकडे आहेत म्हणजे ही बाहेरच्या देशात विकायलाच बनलेली गाडी. आणि २००० नंतरच्या त्या दशकात जनरल मोटर्सने भारतात जी शेवरोले फॉरेस्टर विकली ती सुबारूनेच जपानमध्ये बनवलेली होती, त्या वेळी जनरल मोटर्सची सुबारूच्या कंपनीत भागीदारी होती, पुढची जाळी आणि बॅज बदलून आपल्याकडे शेवरोले म्हणून आली. तेव्हा आरसीवर शेवरोले आणि लोखंडावर जे-एफ-१ हे जुळायलाच पाहिजे, न जुळलं असतं तर घाबरायचं होतं.

म्हणजे बघा, विकणारा भाव वाढवायला जी गोष्ट सांगत होता ती खरी असती तर गाडी बेकायदेशीर ठरली असती, आणि ती खोटी होती म्हणून गाडी निदान पासिंगपुरती तरी सरळ निघायची शक्यता होती. जुनी गाडी परदेशातून आणायचे आपले नियम कडक आहेत, तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उजव्या हाताचं स्टिअरिंग पाहिजे, आणि वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच उतरवता येते. अशा गाडीला कस्टमचं बिल ऑफ एंट्री असतं आणि ते आणणाऱ्याच्या नावावर असतं. काकांनी पहिलाच प्रश्न तो विचारला होता, बिल ऑफ एंट्री आहे का, आणि विकणाऱ्याने ते कधी बघितलेलं सुद्धा नव्हतं.

रविवारी सकाळी साडेनऊला यायचं ठरलं, काका अकराला आले. ही माझी पहिली तक्रार, आणि फोन पण उचलत नव्हते, विकणारा तोपर्यंत दोनदा जातो म्हणाला. आले ते अ‍ॅक्टिव्हावर, डिकीत एक कापडी पिशवी, त्यात टॉर्च, जुना टूथब्रश, बटर पेपर, टू बी पेन्सिल, रंगाची जाडी मोजायचं मशिन, बारीक कॅमेऱ्याची वायर आणि स्कॅनर. आल्या आल्या गाडीभोवती फेरी नाही की इंजिनाचा आवाज ऐकणं नाही, सरळ बॉनेट उघडायला लावलं.

या फॉरेस्टरमध्ये नंबर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. काकांनी आधी ब्रशने घाण काढली, मग टॉर्च समोरून न मारता अगदी बाजूने, पत्र्याला चिकटवून तिरपा धरला. समोरून उजेड मारला की सगळे आकडे सारखेच दिसतात, तिरप्या उजेडात प्रत्येक आकड्याची खोली कळते, कुठला उथळ, कुठला ओळीतून वर गेलेला, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या बारीक रेघा आहेत का. आम्हाला दोघांना वाकून बघायला लावलं. सतराही आकडे एका खोलीचे, एका ओळीत. मग त्यावर बटर पेपर धरून पेन्सिल घासली, आरटीओत ट्रान्सफरच्या फॉर्मवर चेसिस प्रिंट लावतात तशीच, आणि ती प्रिंट मोबाइलच्या फोटोपेक्षा स्पष्ट आली, मला तर ती बघून सहीचा ठसा तपासल्यासारखं वाटलं.

पण ते तिथे थांबले नाहीत, आणि माझ्या मते यासाठीच साडेतीन हजार द्यायचे असतात. काका म्हणाले नंबर खरा असला तरी ज्या पत्र्यावर तो आहे तो पत्रा दुसऱ्या गाडीतून कापून इथे वेल्ड केलेला असू शकतो. मग तो वायरवाला कॅमेरा घालून त्यांनी पत्र्याची मागची बाजू, कडांचं सील, कंपनीच्या वेल्डचे गोल ठिपके सगळं बघितलं, पंधरावीस मिनिटं फक्त त्या एका हातभर जागेवर. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात आणि गॅरेजमधला वेल्ड सलग ओबडधोबड असतो, तो घासून लपवला तरी मागून दिसतो. इथे सगळं कंपनीचं निघालं. इंजिनच्या खोलीतच सुबारूची एक छोटी प्लेट असते, तिच्यावर मॉडेल, रंगाचा कोड, आतल्या कापडाचा कोड आणि इंजिन-गिअरबॉक्सचा प्रकार असतो. रंगाच्या कोडवरून काकांनी सांगितलं की गाडी मुळात चंदेरी होती, निळी नंतर केलीय, आणि मग दरवाजाच्या रबराखाली नखाने उचकलं तर खाली चंदेरी निघालाच. आरसीवर रंग कुठला आहे हा प्रश्न तिथेच तयार झाला.

नंतर मशिनने रंगाची जाडी, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, ही पूर्ण रंगवलेली असल्याने सगळीकडे जास्तच येत होतं पण डाव्या मागच्या बाजूला एकदम चारशेच्या वर, म्हणजे तिथे पुट्टी, म्हणजे ठोकलेली. मग सीटबेल्ट. हे मी माझ्या घरच्या गाडीत पण जाऊन बघितलं, बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की अगदी शेवटी एक कापडी लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख. ड्रायव्हरचा आणि मागचे बेल्ट २००५ चे, पुढचा डावा २००९ चा. अपघातानंतर बदलला असेल किंवा दुसऱ्या गाडीतून आला असेल. बेल्ट शेवटपर्यंत ओढायचं दुसरं कारण म्हणजे पाण्यात बुडालेल्या गाडीच्या बेल्टवर आत गाळाची रेघ राहते, सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्ट कोणी पूर्ण ओढून धूत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला त्यानंतरचे कित्येक महिने काका सर्व्हेअरबरोबर बुडालेल्या गाड्याच बघत फिरत होते, ही सवय तेव्हापासूनची. आमची गाडी त्या पावसानंतरच्या पासिंगची, पण मुंबईत काय, दर दोन-चार वर्षांनी कुठेतरी बेसमेंट भरतंच. रेघ नव्हती.

नंबरमध्ये दहावी जागा वर्षाची, इथे ५. अमेरिकेतून आलेल्या पद्धतीप्रमाणे २००१ ते २००९ ला एक ते नऊ आकडे, २०१० पासून परत ए बी सी, त्यात पण आय ओ क्यू सोडून यू आणि झेड पण वापरत नाहीत, म्हणून २०१८ ला जे आणि २०२६ ला टी. दर तीस वर्षांनी अक्षर परत येतं. काका म्हणाले की हे वर्ष सगळ्या देशातल्या सगळ्या कंपन्या तिथेच लिहितील असं नाही, तेव्हा फक्त त्याच्यावर जाऊ नका, काच, बेल्ट, प्लॅस्टिकच्या पार्टवर आतून गोल घड्याळासारखा छाप असतो त्यात महिना-वर्ष, ते सगळं एकाच सुमाराचं आहे का बघा. इथे बहुतेक सगळं २००५ च्या मागचं-पुढचं, आणि पासिंग २००६ चं, ते ठीक. तुमच्या घरच्या गाडीवर पण बघा, मारुती एम-ए-३ ने सुरू होते, टाटा एम-ए-टी ने, महिंद्रा एम-ए-१, ह्युंदाई एम-ए-एल, भारताचे नंबर बहुतेक एम-ए ते एम-ई मध्ये येतात. पण पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, तेवढ्यावरून गाडी कुठल्या कारखान्यातून बाहेर पडली हे ठरवू नका, त्यासाठी कंपन्या सहसा अकरावी जागा वापरतात.

आणि मग इंजिन. इथे गाडी पडली. इंजिन नंबर मागे, जिथे गिअरबॉक्स जोडतो तिथल्या सपाट जागेवर असतो, वायरी आणि होजमधून कॅमेरा घालून काकांनी तो काढला, तोही ईजे२० नेच, म्हणजे सुबारूच्या दोन लिटर इंजिनाच्या कोडनेच, सुरू होणारा, पण पुढचे आकडे आरसीशी एकही जुळेना (आरसी तोपर्यंत विकणाऱ्याने नाइलाजाने काढली होती). शेवरोलेने आपल्याकडे विकली ती बिनटर्बो होती, हिच्यात टर्बो, म्हणजे जपानहून भंगार म्हणून येणाऱ्या हाफ कटमधलं, म्हणजे अर्ध्या कापलेल्या गाडीमधलं इंजिन कोणीतरी बसवलंय. स्कॅनर लावला तर चेसिस नंबरच्या जागी रिकामं आलं, बंट्याला वाटलं हाच पुरावा, पण काकांनी लगेच सांगितलं की इतक्या जुन्या गाडीत रिकामं येणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, नव्या गाड्यांत कॉम्प्युटरमधून सतराच्या सतरा आकडे निघतात आणि तिथे वेगळा आला तर मात्र थांबायचं. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावरचं लेबल बघितलं, पार्ट नंबर या मॉडेलचाच नव्हता. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सोडायचं आणि जे आहे त्यावर ठाम राहायचं, ही त्यांची पद्धत मला फार आवडली, आमच्या बँकेत असे दोन माणसं असते तर किती थकलेली कर्जं वाचली असती.

काकांनी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला, जुनं इंजिन कुठाय. तो म्हणाला भंगारात दिलं. काका आमच्याकडे वळून म्हणाले, "ताई, गाडीचं हाड खरं आहे. पण तिचं काळीज कागदावर नाही."

इंजिन बदलता येत नाही असं नाही, पण त्याच प्रकारचं, आरटीओची परवानगी घेऊन आणि आरसीवर नोंद करून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते अगदी स्पष्ट केलं. मॉडिफाय गाड्या प्रेमाने बनवणाऱ्या पोरांचं मला वाईट वाटतं, बंट्याचे अर्धे मित्र तेच करतात आणि हात चांगला आहे त्यांचा, पण अपघात झाला की सर्व्हेअर पहिल्यांदा चेसिस नंबर आणि इंजिन नंबरच जुळवतो, आणि समोर कोणाला लागलं असेल तर त्या माणसाची भरपाई अडकू शकते. हे मला सगळ्यात जास्त टोचतं, आपली हौस आणि दुसऱ्याची भरपाई.

अजून एक पैशाची गोष्ट काकांनीच दाखवून दिली. गाडी २००६ ची, पंधरा वर्षं झाल्यावर २०२१ ला आरसी रिन्यू झालेली, म्हणजे यंदा परत करायची. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या साध्या कारची रिन्यूअल फी १०,००० आहे, पण इंपोर्टेड चारचाकीची ८०,०००, वर जीएसटी. आणि या आरसीवर इंपोर्टेड लिहिलेलं होतं. विकणाऱ्याला एवढी घाई कशाची होती ते तेव्हा कळलं. हे काही कोणत्या जाहिरातीत लिहून येत नाही.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला, चाळीसेक फोटो, चेसिस प्रिंटचा स्कॅन आणि दीड पान मजकूर. इथे दुसरी तक्रार, मजकूर त्यांच्या सर्व्हेअरच्या काळातल्या शॉर्टफॉर्ममध्ये असतो, मला अर्धा कळला नाही, परत फोन करून एकेक ओळ विचारावी लागली (सांगितलं मात्र सगळं, पाऊण तास). पक्कं बिल देत नाहीत, आपल्या ऑफिसकडून हे पैसे परत मिळवायचे असतील तर अडचण होईल. फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी येतात. आरटीओची धावपळ करत नाहीत, एनओसी, हायपोथिकेशन (आरसीवरची कर्जाची नोंद), चलान हे सगळं आपण बघायचं, फक्त चोरीच्या रेकॉर्डसाठी एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) वाहन समन्वय साइटवर नंबर कसा शोधायचा ते बंट्याला बसून शिकवलं. आणि नव्या जर्मन गाड्यांचं कोडिंगचं काम घेत नाहीत, माझ्याकडे तो सॉफ्टवेअर नाही असं सरळ सांगतात. मुंबईत ३,५००, ठाणे-नवी मुंबईला ५,०००. मी पाचापैकी साडेचार देते, अर्धा उशिराचा कापला.

एकदा मात्र त्यांनी पैसे न घेता परत पाठवलं. बंट्याच्या ऑफिसमधल्या मित्राला ठाण्यात एक लँड क्रूझर प्राडो मिळत होती, बाजारभावाच्या निम्म्यात, पासिंग पार डोंगराकडच्या राज्याचं, मालक तिसराच. काकांनी फक्त फ्रेमवरच्या नंबरचा फोटो मागवला, बाजूने टॉर्च मारून काढायला सांगितलं, आणि फोटो बघून म्हणाले मी येत नाही, तुम्ही पण जाऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमने भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर ऑपरेशन नुमखोर केलं तेव्हापासून अशा फोनची संख्या वाढलीय म्हणाले. त्या फोटोत आकड्यांभोवतीचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत होता. मी विचारलं की घासून टाकलेला नंबर परत कळतच नाही का, तर म्हणाले कळतो, ठोकताना आकड्याच्या खालचं लोखंड आतपर्यंत दाबलं जातं, वरून घासलं तरी तो दाब आत राहतो, आणि त्यावर ठरावीक अ‍ॅसिड लावलं की दाबलेली जागा वेगळी खाल्ली जाते आणि जुना आकडा वर येतो. पण ते काम पोलिसांनी पाठवल्यावर फॉरेन्सिक लॅबमध्ये होतं, आपल्याकडे ती कलिनाला आहे, आपण हातात अ‍ॅसिड घेऊन कोणाच्या गाडीला हात लावायचा नसतो.

लोखंडवालाची गाडी आम्ही सोडली. बंट्या आठवडाभर धड जेवला नाही, मला पण त्याच्याकडे बघवत नव्हतं, मी शेवटी त्याला म्हटलं की तुला फॉरेस्टरच हवी असेल तर पैसे मी तसेच ठेवते, कुठली एफडी करत नाही. मागच्या सोमवारी डोंबिवलीची एक मिळाली आहे, चंदेरी, जाळीवर शेवरोलेचा बॅज अजून तसाच, बिनटर्बो, एका निवृत्त काकूंच्या मिस्टरांची, आणि काकूंनी न मागता आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवला. रिन्यूअलचे पैसे किमतीतून कमी करायला पण त्या तयार आहेत. चेसिस नंबर बंट्याने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलाय, जे-एफ-१-एस-जी-५, आणि शून्याच्या खाली रेघ मारून ठेवलीय. येत्या रविवारी काका येणार आहेत, मी त्यांना साडेआठची वेळ सांगितली आहे.